द्राक्षांचा चेक परत आला, त्यानंतर: एकशे अडतीसच्या केसचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये आमची चेक बाउन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खालची, केस निकाली निघाली आणि २५ एप्रिलला शेवटचा हप्ता खात्यावर आला. तेव्हापासून शिवारातलं कुणी ना कुणी हातात चेक घेऊन येतं, "वहिनी, आता पुढं काय करायचं?" विचारतं. दरवेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं. मी वकील नाही. नाशिक जिल्ह्यात आमची द्राक्षबाग आहे, सातबारा आणि बँकेचं खातं माझ्या नावावर आहे आणि घरचा हिशोब मी ठेवते. त्यामुळे चेक माझ्या नावाचा निघाला आणि फिर्यादीही मीच झाले.

व्यापारी नवी मुंबईचा. हंगामापुरतं आमच्याकडे पॅकिंगचं शेड भाड्यानं घ्यायचा. त्याच्याशी दोन हंगाम व्यवहार नीट झालेला, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सौदा तोंडीच झाला. थॉमसन, लोकल माल, किलोला पस्तीस रुपये. २० ते २६ फेब्रुवारीदरम्यान बाग रिकामी झाली. १८० क्विंटल भरले, म्हणजे ६ लाख ३० हजार. त्यातले अडीच लाख गाड्या चालू असतानाच खात्यावर आले. उरलेल्या ३ लाख ८० हजारांचा २० एप्रिलचा चेक शेठनी दिला. एप्रिल उजाडला तसा फोन: "वहिनी, आठ दिवस चेक टाकू नका, पुढून पेमेंट अडकलंय." मे महिन्यात त्यांनी ४० हजार खात्यावर पाठवले. मग फोन उचलणंच बंद.

जूनच्या शेवटी आम्ही तालुक्याच्या वकिलांकडे गेलो. वेळ तशी थोडीच होती, कारण चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. पूर्वी सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाले. वकिलांनी चेक उलटसुलट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला: "ताई, चेक दिल्यानंतर यातले काही पैसे आले का?"

चाळीस हजार म्हटल्यावर त्यांनी तो चेक भरूच दिला नाही. येणं ३ लाख ४० हजार आणि चेक ३ लाख ८० चा, तर तो परत आला तरी कलम १३८ लागणं अवघड. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एका निकालात हे स्पष्ट केलंय: चेक दिल्यावर काही रक्कम फिटली असेल, तर कलम ५६ प्रमाणे तशी नोंद चेकवर करून घ्यायची आणि उरलेल्या रकमेपुरताच तो बँकेत लावायचा. नाहीतर जुना परत देऊन उरलेल्या रकमेचा नवा घ्यायचा. हे मी ठळक करून सांगते, कारण आमच्या भागात व्यापारी थोडे थोडे पैसे टाकतच असतो आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, आले तेवढे आले. आलेले घ्यावेतच, पण चेकवर त्याचा परिणाम होतो हे माहीत असावं.

नव्या चेकसाठी हे आणि भाऊजी शेठच्या ऑफिसात जाऊन बसले. शेठ दोन दिवसांनी शेडचा हिशोब मिटवायला आले तेव्हा आमच्या ओट्यावर बसून त्यांनी ५ जुलैचा चेक सही करून दिला. "लिहून घ्या वहिनी, चष्मा गाडीत राहिला," म्हणाले. नाव, रक्कम, तारीख मी लिहिली. जुन्या चेकची झेरॉक्स ठेवून मूळ चेक त्यांना परत दिला.

७ जुलैला चेक भरला, १० ला परत आला आणि ११ ला मी शाखेत जाऊन मूळ चेक आणि रिटर्न मेमो घेऊन आले. कारण छापलेलं होतं: 'फंड्स इन्सफिशियंट'. वर बँकेने चेक परतीचा चार्ज माझ्याच खात्यातून कापला, तो वेगळाच. मेमोवर बँकेचा शिक्का आणि तारीख आहे ना, ते काउंटरवरच बघून घ्या. शिक्क्याचा मेमो असला की चेक परत गेल्याचं कोर्ट गृहीत धरतं, त्यासाठी बँकेचा साहेब साक्षीला बोलवावा लागत नाही. आणि शिल्लक नव्हती हेच कारण लागतं असंही नाही. 'पेमेंट थांबवा', 'खातं बंद', 'सही जुळत नाही' अशा कारणांनी परत आलेल्या चेकवरही केस होते.

आता तारखांचं गणित. ते चुकलं की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते संपले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लाल पेनने खुणा केल्या. नोटीस २४ जुलैला गेली, २७ ला पोचली, म्हणजे ११ ऑगस्टपर्यंत शेठची मुदत आणि १२ पासून आमचा महिना सुरू. घाईही करायची नाही. पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत दाखल केलेली फिर्याद टिकत नाही, असाही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण तो अर्ज वेगळा, त्यावरचा वाद वेगळा. त्या वाटेला जाऊच नये.

नोटिशीत चेक नंबर, तारीख, बँक, परत येण्याचं कारण आणि चेकची नेमकी रक्कम. व्याज किंवा नोटिशीचा खर्च मागायचा तर वेगळ्या ओळीत, चेकच्या रकमेत मिसळायचा नाही. आम्ही रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवली, ऑफिसच्या आणि घरच्या दोन्ही पत्त्यांवर. (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा आता स्पीड पोस्टाने.) पोस्टाच्या साइटवरचं ट्रॅकिंग त्याच आठवड्यात छापून फाइलला लावलं. नोटीस घेतलीच नाही, घराला कुलूप होतं, असं म्हणून कुणी सुटत नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस मिळाली असंच कायदा धरून चालतो.

८ ऑगस्टला शेठच्या वकिलाचं उत्तर आलं. चेक म्हणे सिक्युरिटीपोटी कोरा दिलेला, आम्ही मनाने रक्कम भरली. शिवाय मार्चच्या अवकाळीत मणी तडकले, माल खराब निघाला, त्यांचंच नुकसान आमच्याकडून येणं आहे. वाचून माझे हातपाय कापायला लागले. वर्षभर ज्या माणसाला घरात चहा दिला, त्याने वकिलाच्या लेटरहेडवर मला लबाड ठरवलं होतं. आमचे वकील मात्र खुशीत. "उत्तर दिलं म्हणजे नोटीस मिळाली हे त्यांनीच मान्य केलं. सहीही नाकारलेली नाही. आणखी काय पाहिजे?"

कायद्याचं हेच बळ आहे. चेकवरची सही मान्य असली, की चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कलम १३९ खाली कोर्ट गृहीत धरतं. देणं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी मग सही करणाऱ्यावर. कोरा चेक खुशीने सही करून दिला तरी हे गृहीतक लागतं आणि 'सिक्युरिटी' म्हटल्याने आपोआप सुटका होत नाही. पण हे पक्कं धरून झोपी जाऊ नका. समोरच्याने आपल्या व्यवहाराबद्दल पटेल अशी शंका उभी केली तरी त्याला पुरतं. म्हणून काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या), डायरी, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचे निरोप, सगळं लागतं.

२९ ऑगस्ट २०२३ ला फिर्याद दाखल झाली. कोर्ट आमच्याच तालुक्याचं, कारण २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस चालते. नाहीतर नवी मुंबईच्या चकरा मारायची माझी काय बिशाद होती! आरोपी कोण करायचा हेही वकिलांनी आधी तपासलं. चेकवर 'ट्रेडर्स' छापलं होतं, पण ती एकट्या मालकाची पेढी, म्हणून मालकच आरोपी. कंपनी किंवा भागीदारी असेल तर तिलाही आरोपी करावं लागतं, नुसत्या सही करणाऱ्यावर भागत नाही. आणि नवरा-बायकोचं जॉइंट खातं असेल तर ज्याची सही तोच जबाबदार.

खर्चाचं सांगते. नोटिशीचे दीड हजार. वकिलांची फी पस्तीस हजार ठरली, ती टप्प्याटप्प्याने दिली: थोडी दाखल करताना, थोडी पुराव्याच्या वेळी, बाकी शेवटी. कोर्ट फी चेकच्या रकमेवर ठरते, आमची काही हजारांत गेली. प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, समन्सचा भत्ता हे किरकोळ म्हणता म्हणता वाढतं. मूळ चेक आणि मेमो कोर्टात जमा होतात, त्याआधी दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत काढून ठेवा.

शेठ दुसऱ्या जिल्ह्यात राहणारे, म्हणून कोर्टाने समन्स काढण्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०२ ची चौकशी केली. ती आमच्या प्रतिज्ञापत्रावर आणि कागदांवरच झाली. १६ ऑक्टोबरला 'प्रोसेस इश्यू'चा, म्हणजे आरोपीला समन्स काढण्याचा, आदेश झाला. मला वाटलं, आता महिनाभरात शेठ समोर उभे राहतील. कसचं काय! समन्स त्यांच्या पोलीस स्टेशनमार्फत गेलं आणि "सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत आलं. ऑफिस हलवलं होतं. नवा पत्ता मुंबईला माल पाठवणाऱ्या दुसऱ्या बागायतदाराकडून मिळाला. मग पुन्हा समन्स, मग जामीनपात्र वॉरंट. या काळात करायला आपल्या हातात फार काही नसतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो, तेवढ्यासाठी तरी वकिलांना फोन करावा लागत नाही. आता नव्याने केस करणाऱ्यांना थोडं सोपं जाईल. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा केसेसमध्ये फिर्यादीनेही समन्स हातोहात बजवावं, ई-मेल आणि मेसेजिंग ॲपचाही वापर व्हावा, असे निर्देश दिलेत.

१८ मार्च २०२४ ला शेठ हजर झाले. जामीन झाला, जामीनपत्र भरून घेतलं. "गुन्हा कबूल आहे का?" "नाही." एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याच दिवशी आमच्या वकिलांनी कलम १४३-अ खाली अंतरिम भरपाईचा अर्ज दिला. यात चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम खटला चालू असतानाच मिळू शकते. मिळतेच असं नाही, कोर्ट प्रकरण पाहून ठरवतं. आम्हाला जूनमध्ये १० टक्के मंजूर झाले, ३४ हजार, साठ दिवसांत द्यायचे. मुदत संपता संपता आले. आरोपी निर्दोष सुटला तर ही रक्कम व्याजासह परत करावी लागते, म्हणून मी त्याला हात लावला नाही.

उलटतपास नोव्हेंबरमध्ये झाला. याची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून सविस्तर सांगते. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची मूळ साक्ष, प्रतिज्ञापत्रावरच होतो, त्यामुळे पिंजऱ्यात उभं राहिल्यावर थेट समोरच्या वकिलाचे प्रश्न सुरू होतात. यांच्या नावाने मुखत्यारपत्र करता आलं असतं, पण व्यवहाराची स्वतःला माहिती असणाऱ्याचीच साक्ष कामाची, आणि वह्या माझ्या हातच्या. वकिलांनी आदल्या दिवशी एकच सांगितलं: विचारलं तेवढंच बोला, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.

"चेकवरची रक्कम, तारीख कुणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या."

समोरचे वकील जरा थांबले. मी नाकारेन अशी त्यांची तयारी असावी. "सही त्यांची आहे, माझ्यासमोर केलेली," मी पुढे म्हणाले. मग काटापट्टीवर शेठची सही नाही यावरून विचारलं. ती त्यांच्या दिवाणजीची होती, तसं सांगितलं. मग अवकाळी. मार्च २०२३ मध्ये अवकाळी झाला का? झाला. द्राक्षं तडकली का? ज्यांची बागेत होती त्यांची तडकली. आमची शेवटची गाडी २६ फेब्रुवारीला गेली, काटापट्टीवर तारीख आहे. शेवटी, "तुम्ही व्याजाने पैसे देता, त्यापोटी हा चेक घेतला, असं माझं म्हणणं आहे." सावकारीचा हा आरोप जवळपास प्रत्येक केसमध्ये होतो, मनाला लावून घेऊ नका. न्यायाधीश आपलं उत्तर टायपिस्टला सांगतात: "हे म्हणणे खरे नाही की, मी सावकारीचा व्यवसाय करते." आपण साधं 'नाही' म्हटलेलं असतं आणि कागदावर त्याचं असं भारदस्त वाक्य होतं.

सही करण्याआधी ते कागद मी ओळ न् ओळ वाचले. मागे पुढचा साक्षीदार ताटकळत होता, शिपाई "झालं का ताई?" म्हणत होता. एका ठिकाणी 'शेवटची गाडी २६ मार्चला गेली' असं टाइप झालं होतं. अवकाळीचा सगळा बचाव त्या एका शब्दावर उभा राहिला असता. मी हात वर करून सांगितलं, न्यायाधीशांनी लगेच दुरुस्ती करून घेतली. तेव्हा चष्मा लागत असेल तर तो घेऊन जा.

साक्षीनंतर वारं फिरलं. डिसेंबरच्या लोकअदालतीत शेठ दोन लाखांवर मिटवा म्हणाले, आम्ही उठून आलो. जानेवारीत आरोपीचा जबाब झाला. बचावाचा पुरावा द्यायची वेळ आली तसा त्यांच्याच वकिलांचा निरोप आला. हा गुन्हा तडजोडीचा आहे, पण तडजोड जितकी लांबवाल तितकी आरोपीला महाग पडत जाते. खालच्या कोर्टात उशिरा केली की चेकच्या रकमेच्या १० टक्के विधी सेवा प्राधिकरणाकडे भरावे लागायचे. (हे दर सप्टेंबर २०२५ च्या त्याच निकालाने कमी केलेत.) लोकअदालतीत यात सवलत मिळू शकते, म्हणून त्यांनाही तोच दिवस सोयीचा.

घरात दोन तट पडले. यांचं म्हणणं, आता निकालच घ्यायचा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुप्पट दंडापर्यंत शिक्षा आहे, होऊ दे. मला सोसायटीचं कर्ज दिसत होतं. शिक्षा झाली तरी शेठ अपिलात जाणार, तिथे २० टक्के भरून शिक्षेला स्थगिती घेणार आणि आम्ही पुन्हा तारखा मोजणार. मी तडजोडीच्या बाजूने होते, आजही आहे. शेठ तुरुंगात गेल्याने आमच्या बागेला औषध फवारता आलं नसतं.

ठरलं ते असं: मिळालेले ३४ हजार वजा जाता ३ लाख ६ हजार आणि खर्चापोटी ३० हजार. मार्चच्या लोकअदालतीत दोन लाखांचा डिमांड ड्राफ्ट हातात आला, उरलेले १ लाख ३६ हजार २५ एप्रिलपर्यंत खात्यावर. नुसती 'केस काढून घेते' अशी पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) वकिलांनी मला देऊ दिली नाही. तडजोडीच्या अटी, हप्त्याची तारीख, चुकल्यास व्याज, सगळं लोकअदालतीच्या निवाड्यात लिहून घेतलं. असा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. हप्ते बाकी असताना हात झटकून केस काढून घेणारे मी पाहिलेत, आणि नंतर पुन्हा वकिलाकडे आलेलेही.

तीस हजारांत वकिलांची फीसुद्धा पुरी निघाली नाही. सोसायटीचं थकलेलं व्याज तर आमच्याच माथी. पण मुद्दल आलं.

भाऊजींचं अजून चालूच आहे. त्याच शेठकडे त्यांचे १ लाख २० हजार आहेत. चेकबुक संपलंय म्हणून शेठनी १० मार्च २०२३ ला प्रॉमिसरी नोट लिहून दिली होती: मागणी करताच देईन, खाली रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही. नोटवर एकशे अडतीस लागत नाही, ते फक्त चेकला. नोटीवर दिवाणी दावाच करावा लागतो, तोही मागणी-नोट असेल तर तिच्या तारखेपासून तीन वर्षांत. स्टॅम्प लावलेला होता हे त्यांचं नशीब. बाकी बऱ्याच कागदांचं मुद्रांक शुल्क मागाहून दंड भरून चालतं, पण बिनस्टॅम्पाची प्रॉमिसरी नोट दंड भरूनही पुराव्यात घेत नाहीत. पैसे घेतल्याची लेखी कबुली आणि परत देण्याचं बिनशर्त वचन, दोन्ही त्यात आहे, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी सूट करता आला. यात प्रतिवादीला बचाव करायचा तर आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये दावा दाखल केलाय. समन्स नवी मुंबईला गेलंय. पत्ता या वेळी शोधावा लागला नाही, आमच्या केसमधल्या जामीनपत्रावर शेठनी स्वतः लिहिलेला होता, तोच दिलाय.